सत्ता, श्रम, पैसा: एलिओ पेत्रीची झोंबरी करमणूक

१५ जानेवारी १९५१. रोममधल्या व्हिया साव्होया या रस्त्यावर एका कचेरीत टायपिस्टची जागा भरायची होती. जागा एक आणि आलेल्या मुली दोनशेच्या घरात. पायरीपायरीवर मुली दाटीवाटीने उभ्या होत्या. गर्दीच्या भाराने अखेर जिनाच खाली आला. एक मुलगी दगावली, सत्तरहून अधिक जखमी झाल्या. महायुद्ध संपून सहा वर्षं होत आली होती आणि इटलीतली बेकारी किती आहे ते त्या एका सकाळी सगळ्या देशाला कळलं.

दिग्दर्शक जुझेप्पे दे सान्तिसने या दुर्घटनेवर चित्रपट करायचं ठरवलं आणि माहिती काढायला एका बावीस वर्षांच्या पोराला कामाला लावलं. पोरगा कम्युनिस्ट पक्षाच्या 'लुनिता' या दैनिकात लिहायचा, सिनेमाचं वेड होतं आणि माणसांना बोलतं करायचं कसब अंगी होतं. तो त्या मुलींना एकेक करून भेटला आणि त्यांच्या तोंडून ऐकलेलं वह्यांत उतरवून घेऊन आला. १९५२ साली 'रोमा ओरे ऊन्दिची' म्हणजे 'रोम, सकाळचे अकरा' हा चित्रपट आला तो या टिपणांच्या जोरावर. चार वर्षांनी ती टिपणं स्वतंत्र पुस्तकरूपानेही निघाली. पोराचं नाव एलिओ पेत्री. पुढे इटलीतले पोलीस, कारखानदार, सत्ताधारी पक्ष आणि खुद्द डावे या सगळ्यांना एकाच वेळी खट्टू करण्याचा मान त्याला मिळायचा होता.

पेत्री अस्सल रोमन. २९ जानेवारी १९२९ चा जन्म, बाप तांबट, घरात एकुलता एक. पाद्र्यांच्या शाळेत घातलं होतं, पण राजकीय मतांपायी शाळेने बाहेरचा रस्ता दाखवला. मग पक्षाची युवक संघटना, वर्तमानपत्रं, फिल्म क्लब असं शिक्षण झालं. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत घुसले आणि पेत्रीने पक्ष सोडला. डावेपण सोडलं नाही. पक्षाबाहेरचा डावा ही जात कुठल्याही देशात एकाकीच असते, आणि पेत्रीच्या चित्रपटांचा तिरकसपणा बराचसा त्या एकाकीपणातून आला असं म्हणायला जागा आहे.

त्या काळात इटलीत राजकीय चित्रपट काढणं म्हणजे काय होतं, तेही पाहायला हवं. १९४९ च्या अखेरीस एक कायदा झाला. त्या वेळी पंतप्रधान कार्यालयात उपमंत्री असलेल्या जूलिओ आन्द्रेओत्तीच्या नावानेच तो ओळखला जातो. सरकारी मदत हवी असेल तर पटकथा आधी सरकारी मंडळींपुढे ठेवायची, अशी त्यातली मेख होती. म्हणजे कात्री फिल्मला लागायच्या आधीच कागदाला लागायची. नववास्तववादी दिग्दर्शक भुकेकंगाल म्हातारे नि सायकली चोरीला गेलेले बाप दाखवत होते आणि सरकारला देशाची ही असली जाहिरात नको होती. यातून वाट काढायची तर दोनच मार्ग उरत: विनोदी चित्रपट किंवा गुन्हेपट. पेत्रीने दोन्ही वाटा एकत्र केल्या.

१९६१ चा 'लास्सास्सीनो' (खुनी) हा त्याचा पहिला चित्रपट. मार्चेल्लो मास्त्रोयानी यात जुन्या वस्तूंचा व्यापारी आहे. एके सकाळी पोलीस येतात आणि त्याला उचलून नेतात. त्याच्या आधीच्या प्रेयसीचा खून झालेला असतो. खून त्याने केलेला नाही. पण चौकशी जसजशी पुढे सरकते तसतसं लक्षात येतं की गडी आयुष्यभर आपमतलबीपणाने वागत आला आहे आणि कुठल्याही कलमाखाली न बसणारे गुन्हे त्याच्या नावावर भरपूर आहेत. पोलिसांच्या चित्रणावर सेन्सॉरने हरकती घेतल्याच. चौकशी करणारा अधिकारी झाला होता साल्वो रान्दोने हा रंगभूमीवर मुरलेला सिसिलियन नट. हे नाव लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

दुसरा चित्रपट 'ई जोर्नी कोन्ताती' (मोजके दिवस, १९६२). रान्दोनेच नायक, पण आता प्लंबर. ट्राममध्ये आपल्याच वयाचा माणूस बसल्या जागी मेलेला त्याला दिसतो आणि तो ठरवतो की उद्यापासून काम बंद, राहिलेलं आयुष्य जगायचं. जगायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. यात तांबट बापाची सावली आहे. काम माणसाला इतकं पोखरतं की सुट्टी मिळाली तरी ती वापरायला माणूस शिल्लक उरत नाही, हा पेत्रीचा आवडता विषय इथे पहिल्यांदा येतो.

त्यानंतरची काही वर्षं पोटापाण्याची. 'विजेव्हानोचा मास्तर' (१९६३) मध्ये आल्बेर्तो सोर्दी तुटपुंज्या पगाराचा शाळामास्तर झाला. गाव जोडे बनवणाऱ्या कारखान्यांचं, आजूबाजूचे सगळे चपलाबुटांवर गब्बर होत असताना मास्तर आपला प्रतिष्ठेला चिकटून. १९६५ चा 'दहावा बळी' भविष्यकाळात घडतो: युद्धं टाळण्यासाठी सरकारने खुनाला परवानगी दिली आहे, शिकारी आणि सावज संगणक ठरवतो आणि चहाची कंपनी खुनाची जाहिरात करायला तयार आहे. उर्सुला आन्द्रेसच्या चोळीतून गोळ्या सुटतात तो हाच चित्रपट. रंगीबेरंगी आहे, गमतीचा आहे, जरा पोकळही आहे. रिअ‍ॅलिटी शोच्या जमान्यात मात्र तो पाहताना हसू थोडं अडखळतं.

पेत्रीचा सूर खरा लागला १९६७ साली. लेओनार्दो शाशा या सिसिलियन लेखकाच्या कादंबरीवरून त्याने 'आ च्याश्कूनो इल सूओ' (ज्याचं त्याला) केला. विषय माफियाचा. महत्त्वाचं हे की या चित्रपटात दोन माणसं त्याला येऊन मिळाली. एक पटकथाकार उगो पिर्रो आणि दुसरा नट जान मारिया वोलोन्ते. वोलोन्ते तोवर जगाला ठाऊक होता तो सेर्जिओ लेओनेच्या वेस्टर्नमधला खलनायक म्हणून, क्लिंट ईस्टवूडच्या हातून मरणारा. पेत्रीने त्याच्यातला वेगळाच प्राणी बाहेर काढला. कान महोत्सवात पेत्री आणि पिर्रोला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि तिघांची गाडी सुटली.

गाडी जिथे पोचली तो चित्रपट म्हणजे 'एका संशयातीत नागरिकाचा तपास', १९७० चा. नायकाला नाव नाही, सगळे त्याला 'दोत्तोरे' म्हणतात, आपल्याकडे 'साहेब' म्हणतात तसं. साहेब, म्हणजे वोलोन्ते, रोमच्या पोलीस दलात खून विभागाचा प्रमुख आहे. पहिल्याच प्रसंगात तो आपल्या प्रेयसीच्या घरी जातो, तिचा गळा चिरतो, आणि मग शांतपणे पुरावे पेरायला लागतो. रक्तात बुटाचा ठसा उमटवतो. जिथे तिथे बोटांचे ठसे सोडतो. आपल्या रेशमी टायचा निळा धागा तिच्या नखात अडकवून ठेवतो. नोटांना हात लावत नाही, म्हणजे चोरीचा संशय यायला नको. वर स्वतःच पोलिसांना फोन करून खबर देतो. त्याच दिवशी त्याची बढती झालेली असते: खून विभागातून राजकीय विभागात. आपण कायद्याच्या पलीकडे आहोत की नाही, एवढंच त्याला तपासून पाहायचं आहे.

यात एक प्रसंग असा आहे की त्यासाठी सगळा चित्रपट पाहावा. साहेब रस्त्यात एका अनोळखी माणसाला थांबवतो आणि सरळ सांगतो, खून मी केला. मग त्यालाच दुकानात पाठवून तसल्या निळ्या टाय विकत घ्यायला लावतो आणि जा, पोलिसांना जाऊन सांग म्हणतो. माणूस भाबडा, नागरिकाचं कर्तव्य वगैरे मानणारा. टायचं पुडकं घेऊन तो ठाण्यावर पोचतो. चौकशीला समोर येतो तो साहेबच! टाय कोणी घ्यायला लावल्या, असं साहेब दरडावून विचारतो. माणूस त्याच्याकडे बघतो, ओळखतो आणि त्याची वाचा बसते. हा माणूस कोण, तर प्लंबर. आणि नट कोण, तर साल्वो रान्दोने. नऊ वर्षांपूर्वी टेबलाच्या त्या बाजूला बसून चौकशी करणाऱ्याला पेत्रीने या बाजूला आणून बसवलं. पेत्रीचा सगळा मुद्दा त्या थरथरत्या चेहऱ्यात आहे. पुरावा हातात असतो, गुन्हेगार समोर असतो, आणि जीभच आतून ओढून घेतली जाते. सत्ता ठाण्यात असते तितकीच प्लंबरच्या पोटातही असते.

शेवटी साहेब लेखी कबुली देऊन घरी वाट पाहत बसतो. त्याचा डोळा लागतो. स्वप्नात वरिष्ठ मंडळी येतात आणि त्याला दमात घेऊन कबुली द्यायला लावतात, निर्दोष असल्याची! जाग येते तेव्हा गाड्या खरोखरच दारात थांबलेल्या असतात. पुढे काय होतं ते पेत्री दाखवत नाही. पडदे ओढले जातात आणि काफ्काचं एक अवतरण पडद्यावर येतं.

या चित्रपटाच्या संगीताचा किस्सा संगीतकार एन्नियो मोरिकोने पुढे आयुष्यभर सांगायचा. मोरचंग आणि मँडोलिन घेऊन त्याने एक लंगडत चालल्यासारखी, कुत्सित धून केली होती. ध्वनिमुद्रण झाल्यावर पेत्रीने त्याला चित्रपट पाहायला बोलावलं. पाहतो तर खुनाच्या प्रसंगाला भलतंच, दुसऱ्या कुठल्या जुन्या चित्रपटातलं संगीत. पेत्री शेजारी बसून म्हणतोय, बघ किती छान बसलंय. मोरिकोनेला वाटलं, आपलं काम फुकट गेलं. त्याचा चेहरा पुरेसा पडल्यावर पेत्रीने उलगडा केला की ही थट्टा होती, तू केलंस त्याहून चांगलं संगीत या चित्रपटाला मिळणं शक्य नव्हतं. सत्ता हातात आली की माणसाला दुसऱ्याला खेळवायची लहर येते, हे दाखवणाऱ्या चित्रपटाच्या वेळीच हे घडावं, हेही पेत्रीला साजेसंच.

चित्रपट फेब्रुवारी १९७० मध्ये लागला. तारखांकडे लक्ष द्यावं. दोनच महिने आधी, १२ डिसेंबर १९६९ ला, मिलानच्या पियाझ्झा फोन्ताना चौकातल्या शेतकी बँकेत बाँब फुटून १७ जणांचा बळी गेला होता. पोलिसांनी अराजकवाद्यांची धरपकड केली. जुझेप्पे पिनेल्ली नावाचा रेल्वे कामगार त्यांत होता. तीन दिवसांनी, १५ डिसेंबरच्या रात्री, तो पोलीस मुख्यालयाच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडून मेला. कसा पडला, याच्या पोलिसांकडूनच एकाहून अधिक हकिकती आल्या. पेत्री-पिर्रोची पटकथा त्याआधीच लिहून झालेली होती, पण प्रेक्षकांना ते कुठलं पटायला? लोकांनी रांगा लावल्या. आता धरपकड होणार, चित्रपट जप्त होणार अशी आवई उठली. तसं काही झालं नाही. उलट कानला ज्यूरीचं विशेष पारितोषिक आणि १९७१ च्या एप्रिलमध्ये परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

चित्रपट लागला त्याच वर्षी दारिओ फोने पिनेल्लीच्या मृत्यूवर 'एका अराजकवाद्याचा अपघाती मृत्यू' हे नाटक लिहिलं, ते जगभर गाजलं. पेत्रीने त्याच प्रकरणावर केलेला छोटा माहितीपट फारसा कोणाला ठाऊक नाही. एक खोली, एक खिडकी, वोलोन्ते आणि आणखी काही नट. पोलिसांनी दिलेली प्रत्येक हकिकत ते जशीच्या तशी करून दाखवतात. तू इथे उभा राहा, तू तिथे, आता उडी मार. हकिकत खरी मानायची तर हातपाय कुठे ठेवायचे हेच नटांना जमत नाही. त्यापुढे भाष्याची गरजच उरत नाही.

पुढचा चित्रपट कारखान्यातला. 'ला क्लास्से ओपेराया वा इन पारादीझो' (कामगार वर्ग स्वर्गात जातो, १९७१). नायक लुलू मास्सा (वोलोन्ते), वय ३१, पोटात अल्सर, आणि उक्त्या दराच्या कामात सगळ्या कारखान्यात अव्वल. लुलू जितकं भराभर काम उरकतो त्यावरून व्यवस्थापन बाकीच्यांचा दर ठरवतं, त्यामुळे सोबती त्याच्यावर थुंकायचे बाकी असतात. एके दिवशी यंत्रात त्याचं बोट जातं आणि डोक्यात प्रकाश पडतो. पडतो म्हणजे काय, तर आंधळ्यासारखा तो दुसऱ्या टोकाला धावतो: फाटकाबाहेर कर्णे घेऊन क्रांतीच्या घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्यांकडे. नोकरी जाते. त्याच्याबरोबर राहणारी बाई मुलाला घेऊन निघून जाते. विद्यार्थी त्याला सांगतात की एकट्या तुझ्या प्रश्नात आम्हाला रस नाही, आमचा लढा वर्गाचा आहे.

मग तो रिकाम्या घरात वस्तूंची यादी करत बसतो. शोभेच्या वस्तू, कचकडी आणि काचेचा पसारा, हवा भरून फुगवायचं बाहुलं. प्रत्येक वस्तू उचलतो आणि किंमत सांगतो, पण लिरांत नाही, तासांत. ही एवढ्या तासांची, ती तेवढ्या तासांची. घरभर पसरलेलं आपलं आयुष्य तो असा मोजतो. मार्क्सवर ग्रंथ लिहिणाऱ्यांना जे पानोपानी साधत नाही ते वोलोन्ते दोनतीन मिनिटांत करतो. रान्दोने इथेही आहेच: मिलितीना नावाचा जुना कामगार, आता वेड्यांच्या इस्पितळात. त्याचा अपराध इतकाच की एके दिवशी त्याने साहेबाची मानगूट धरून विचारलं, आम्ही रोज हे जे तुकडे बनवतो ते नक्की कशाला लागतात?

चित्रीकरण नोव्हाराजवळच्या खऱ्या कारखान्यात झालं, यंत्रांवर खरे कामगारही होते. १९६९ च्या संपांची धग अजून निवली नव्हती. अशा वेळी डाव्यांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला असेल असं वाटतं, पण झालं भलतंच. पोर्रेत्ता तेर्मेच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला तेव्हा युनियनवाले चिडले, विद्यार्थी चिडले, समीक्षक चिडले. फ्रेंच दिग्दर्शक जाँ-मारी स्त्रोबने तर हा चित्रपट जाळून टाकावा असं सांगितलं. प्रत्येकाला आपलं व्यंगचित्र दिसलं होतं आणि प्रत्येकाचं बरोबरच होतं. १९७२ मध्ये कानचा सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटाला फ्रान्चेस्को रोझीच्या 'मात्तेई प्रकरणा'सोबत विभागून मिळाला. गंमत म्हणजे दोन्हीकडे नायक वोलोन्तेच.

सत्ता झाली, श्रम झाले, उरला पैसा. 'मालमत्ता आता चोरी राहिलेली नाही' (१९७३) मध्ये एका बँकेतल्या कारकुनाला नोटांची ॲलर्जी आहे, हात लागला की खाज सुटते. नोकरी सोडून तो एका गबर खाटकाच्या मागे लागतो. उगो तोन्याझ्झीने खाटीक झकास उभा केलाय. कारकून त्याच्या वस्तू एकेक करून पळवतो: सुरा, टोपी, दागिने, शेवटी बाईसुद्धा. पात्रं मधेच थांबून थेट प्रेक्षकांशी बोलतात. चित्रपट हुशार आहे, पण ज्याच्यावर प्रेम करता येईल असा माणूस त्यात नाही. प्रेक्षकांनीही पाठ फिरवली.

आणि मग 'तोदो मोदो'. पुन्हा शाशाची कादंबरी, १९७४ ची. जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या स्पॅनिश वचनातले हे पहिले दोन शब्द आहेत. देशात साथ पसरली आहे आणि सत्ताधारी पक्षाची बडी धेंडं आत्मशुद्धीसाठी जमिनीखालच्या एका मठवजा हॉटेलात जमली आहेत. बाहेर माणसं मरतायत, आत जपमाळ आणि कारस्थान एकाच वेळी चालू. मग आतही एकेकाचा मुडदा पडायला लागतो. मास्त्रोयानी इथे पाद्री आहे, तोही सगळ्यांची गुपितं पोटात ठेवून बसलेला. दान्ते फेर्रेत्तीने उभं केलेलं ते काँक्रीटचं तळघर पाहूनच गुदमरायला होतं.

पक्षाचं नाव कुठे घेतलेलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष तीस वर्षं सलग सत्तेवर होता. वोलोन्तेच्या पात्राला फक्त 'एम' म्हणतात. पण मान तिरकी, आवाज मऊ, हात जोडलेले, वाक्य सुरू होतं आणि कुठेच पोचत नाही. समोर आल्दो मोरो उभा होता, देशाचा त्या वेळचा पंतप्रधान. साम्य इतकं हुबेहूब झालं की पहिल्या दोन दिवसांचं चित्रीकरण पेत्री आणि वोलोन्तेने आपसांत ठरवून टाकून दिलं. नक्कल जमली की लोक हसतात आणि मोकळे होतात. पेत्रीला मोकळं होऊ द्यायचं नव्हतं. संगीतासाठी आधी अमेरिकन जॅझवादक चार्ल्स मिंगसला घेतलं होतं. त्याने रचना केलीही, पण शेवटी चित्रपटाला लागलं ते मोरिकोनेचं संगीत.

चित्रपट १९७६ च्या एप्रिलअखेर लागला, २० जूनला निवडणुका होत्या. निकालात ख्रिश्चन डेमोक्रॅटांना ३८.७ टक्के मतं आणि कम्युनिस्टांना ३४.४. दोन्ही पक्षांमध्ये ऐतिहासिक समझोत्याची बोलणी चालू होती आणि ख्रिश्चन डेमोक्रॅटांच्या बाजूने त्याचा शिल्पकार होता मोरो. म्हणजे ज्याच्याशी हातमिळवणी करायची त्याचीच पेत्रीने रेवडी उडवलेली. डाव्यांनाही हा चित्रपट अडचणीचाच झाला. थोड्याच आठवड्यांत तो चित्रपटगृहांतून दिसेनासा झाला.

दोन वर्षांनी १६ मार्च १९७८ ला रेड ब्रिगेड या सशस्त्र अतिडाव्या संघटनेने मोरोला रोमच्या व्हिया फानीत पळवलं, पाच अंगरक्षकांना जागीच ठार केलं. पंचावन्न दिवसांनी, ९ मेला, त्याचं प्रेत एका रेनॉ मोटारीच्या डिकीत सापडलं. पेत्रीच्या पडद्यावर 'एम'चाही शेवट गोळ्यांनीच झाला होता. आता हा चित्रपट दाखवणार कोण? पेत्रीने भाकीत केलं होतं असं काहीजण मानतात. ते अतीच झालं. मोरोला मारणारे कोण असतील याचा पेत्रीला अंदाज नव्हता, त्याच्या चित्रपटात पक्ष आतूनच सडून मरतो. पण कोठडीतून मोरोने लिहिलेली पत्रं वाचली की स्वपक्षीयांनी त्याला कसं वाऱ्यावर सोडलं ते कळतं आणि मग 'तोदो मोदो'तलं तळघर आठवल्याखेरीज राहत नाही. शाशाने त्याच वर्षी मोरो प्रकरणावर पुस्तक लिहिलं. पेत्रीने त्या वर्षी दूरचित्रवाणीसाठी सार्त्रचं 'मळलेले हात' केलं, मास्त्रोयानीला घेऊन.

उतार लागला होता. १९७९ चा 'चांगली बातमी' हा जान्कार्लो जान्नीनीला घेऊन केलेला चित्रपट कचऱ्याने आणि बाँबच्या अफवांनी भरलेल्या रोममध्ये घडतो, तो कोणी फारसा पाहिला नाही. १९८१ मध्ये जेनोआला पेत्रीने आर्थर मिलरचं एक नाटक बसवलं. १० नोव्हेंबर १९८२ ला कर्करोगाने तो गेला, वय अवघं ५३. हातात एका नव्या चित्रपटाची तयारी होती, तीही मास्त्रोयानीसाठीच.

नंतर दोन दशकं इटलीतही त्याचं नाव फारसं निघत नसे. आन्तोनिओनी, फेलिनी, पासोलिनीच्या यादीत त्याला बसवायला समीक्षक नाखूश होते; थरारपट करणारा, लोकांना आवडणारा, म्हणून हलका. २००५ साली त्याच्यावर एक चांगला माहितीपट निघाला. २००८ मध्ये पाओलो सोरेन्तिनोने 'इल दीव्हो' केला. त्याचा नायक खुद्द आन्द्रेओत्ती, वय त्या वेळी ८९. पटकथांना कात्री लावणाऱ्या कायद्याचा कर्ता स्वतःच पटकथेचा विषय झाला, आणि त्या चित्रपटातलं बीभत्स हास्य सरळसरळ पेत्रीच्या शाळेतलं आहे. 'तोदो मोदो'ची प्रत बोलोन्याच्या सिनेमाथेकने २०१४ मध्ये दुरुस्त करून पुन्हा पडद्यावर आणली. चित्रपट प्रदर्शनाआधी अडवण्याचा सरकारचा अधिकार इटलीत रद्द झाला तो २०२१ मध्ये.

आता ज्यांना पेत्री पाहायचाय त्यांनी सुरुवात 'तपास'पासून करावी, मग लुलूच्या कारखान्यात जावं. 'तोदो मोदो'ला हात घालण्याआधी मात्र त्या काळच्या इटलीबद्दल चार पानं वाचून घ्यावीत आणि मोरोचं एखादं भाषण कुठे ऐकायला मिळालं तर तेही ऐकावं. तेवढी तयारी नसेल तर हा चित्रपट नुसती खूनमालिका वाटेल.